जुनाट अतिसार : काय खावे, काय सोडावे



संस्थानाच्या अन्नछत्रात पंगत बसली असता काही मंडळी पानातले अन्न नुसते चिवडताना आढळतात. काही जण दर्शन घेऊन पंगतीला न बसताच परततात. काकडआरतीला वर्षानुवर्षे येणारी काही वयोवृद्ध माणसे एकाएकी येईनाशी होतात. आपुलकीने चौकशी केली की बहुधा एकच उत्तर मिळते, "पोट बरे नसते. सकाळी चार वेळा जावे लागते. किती महिने झाले, आठवत नाही." हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे आपल्याकडे मानले जाते. त्यामुळे ती व्यक्ती वैद्याकडेही जात नाही. घरातल्या घरात एकेक पदार्थ सोडत जाते. आधी दूध सुटते, मग डाळ, मग भाजी, मग पोळी. अखेरीस भात आणि चहा एवढेच उरते. व्याधी मात्र होती तिथेच राहते आणि शरीर वाळत जाते.

म्हणून या विषयावर थोडी सविस्तर माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे : कारण कळण्यापूर्वी काहीही वर्ज्य करू नये. कारण कळल्यावर जे वर्ज्य ठरेल ते कसोशीने पाळावे आणि उरलेले सर्व पोटभर खावे. पुढील माहिती वैद्यकीय सल्ल्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे.

जुनाट कशास म्हणावे

बाहेरच्या खाण्याने वा दूषित पाण्याने लागलेली हगवण बहुधा आठवड्याभरात थांबते. चार आठवड्यांहून अधिक काळ शौचास पातळ वा वारंवार होत असल्यास तो जुनाट अतिसार समजतात. त्याची कारणे अनेक आहेत. गव्हातील ग्लुटेन न सोसणे, दूध न पचणे, आतड्याची अतिसंवेदनशीलता, जिआर्डियासारखे परजीवी, आतड्याचा क्षयरोग, आतड्यास सूज आणणारे विकार, थायरॉइडचा अतिरेक, स्वादुपिंडाचा दुबळेपणा, पित्ताशय काढल्यानंतर पित्त थेट आतड्यात उतरणे, अशी ही यादी लांबवता येईल. यांपैकी प्रत्येकाचा आहार निराळा. शेजारच्या काकूंना जे सोडून गुण आला, ते सोडून आपल्यालाही येईल, असे मुळीच नाही.

औषधांकडेही पाहावे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन, मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधे, "पोट साफ राहावे" म्हणून रोज रात्री घेतलेली सोनामुखीयुक्त चूर्णे ही पुष्कळदा मूळ कारण असतात. मधुमेही मंडळींसाठी मिळणाऱ्या बिनसाखरेच्या गोळ्या व मिठाया यांत सॉर्बिटॉल वा माल्टिटॉल असेल तर त्यानेही जुलाब होतात. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. त्यांना सांगावे, ते मात्रा किंवा प्रकार बदलून देतात. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. आत कठीण मळ साचलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ द्रव झिरपत राहतो. वरून अतिसार दिसतो, आत बद्धकोष्ठ असते. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी दिल्यास त्रास वाढतो.

शौचात रक्त, सतत ताप, वजन घटणे, झोपेतून उठून जावे लागणे, पंडुरोग अर्थात रक्त कमी होणे, घराण्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, किंवा पंचेचाळीस-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी एकही लक्षण असल्यास आहाराचे प्रयोग करत बसू नये. आधी तपासणी करून घ्यावी.

गव्हाविषयी

आम्ही माळव्यात राहतो. आपल्या पूर्वजांनी होळकर-शिंद्यांच्या काळी इकडे बिऱ्हाड केले, तेव्हा त्यांच्या पानात भाकरी होती. माळव्यातही ज्वारी व मका सर्रास खात असत. आता मात्र सकाळी पोळी, रात्री पोळी, सणावारी बाफले, नैवेद्याला रव्याचा शिरा, असा गहू सर्वत्र पसरला आहे. बहुसंख्यांना त्याची काहीच बाधा नाही, हे आधी स्पष्ट करतो. गहू वाईट, असा जो प्रचार हल्ली कानावर येतो, त्यास आमची संमती नाही.

परंतु सीलिॲक नावाचा एक आजार आहे. गहू, जव व राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे त्या व्यक्तीची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतील अस्तरावर उलटते. त्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषून घेणे हे त्यांचे काम. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. उत्तर भारतात सुमारे शंभरांत एकास हा आजार असल्याचे पाहणीत आढळले आहे. दक्षिणेकडील भातखाऊ प्रदेशांत त्याचे प्रमाण फारच कमी आहे. मुलांची उंची खुंटते, पोट पुढे येते, हातपाय काडीसारखे राहतात. मोठ्यांत लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, हाडे ठिसूळ होतात, तोंड वारंवार येते. काहींना तर जुलाब होतच नाहीत, नुसता अशक्तपणा असतो. त्यामुळे दृष्ट लागली, अंगात कडकी आहे, असे म्हणण्यात वर्षे निघून जातात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. तपासणीपूर्वी गहू सोडू नये. टीटीजी नावाच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी आणि त्यानंतर दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा लहानसा तुकडा, यांवरून हे निदान होते. गहू सुटला की प्रतिपिंडे कमी होऊ लागतात, अंकुर भरू लागतात आणि अहवाल निर्दोष येऊ शकतो. मग निदान लोंबकळते व पुन्हा काही आठवडे गहू खाऊन तपासणी करावी लागते, तो त्रास वेगळाच. नवस म्हणून वा कोणी सांगितले म्हणून घरच्या मुलाची पोळी बंद करणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावे. मुलास सीलिॲक ठरल्यास आईवडील व भावंडे यांचीही तपासणी करून घ्यावी. सख्ख्या नात्यात हा आजार असण्याचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक असतो.

निदान पक्के झाले की गहू जन्मभर बंद. दुसरा उपाय आज नाही. येथे "थोडेसे चालते" ही सवलत नाही. पोळीच्या लहानशा तुकड्यात असते तेवढे ग्लुटेन रोज पोटात गेले, तरी अंकुर भरून येत नाहीत. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरड्या, पाव, बिस्किटे, जवाचा अंश असलेले सातूचे पीठ हे तर उघडच आहे. घात होतो तो न दिसणाऱ्या गव्हाने. ज्वारी ज्या चक्कीवर दळून आणतो, तिथे आधी गहू दळलेला असतो. म्हणून धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या लहान चक्कीवर दळावे. परात, पोळपाट, लाटणे निराळे ठेवावे. ज्या कढईत पुऱ्या तळल्या, त्याच तेलात साबुदाणावडे तळले तर ते वडे त्या रुग्णास चालत नाहीत. बांधणी हिंगात बहुधा मैदा वा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवर ते लिहिलेले असते, वाचून घ्यावे. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आता बाजारात मिळतो. तयार पदार्थावर "ग्लुटेनमुक्त" असे लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडील नियम आहे.

चालणारे पदार्थ काही कमी नाहीत. तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी, भाज्या, फळे, तूप, दही हे सर्व चालते. इंदुरी न्याहारीतले पोहे चालतात, शेजारची जिलेबी चालत नाही. पोह्यांवरची शेव बेसनाची असली तरी ती कोठे व कशात तळली, हे विचारावे लागते. एक गमतीची गोष्ट अशी की आपले बहुतेक उपवासाचे धान्य या रुग्णास निर्धोक आहे. एकादशीच्या दिवशी घरात सीलिॲकचा रुग्ण असला, तर त्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी चूल मांडावी लागत नाही, सगळे घरच त्याच्या पंगतीला येते.

दुधाविषयी

दुधातील साखरेस लॅक्टोज म्हणतात. ती पचविणारे पाचकद्रव्य बालपणानंतर अनेकांच्या आतड्यात कमी होते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. त्यातून वायू, गुरगुर व पातळ शौच होते. हा रोग नव्हे, शरीराची घडण आहे. म्हणून त्याची भीती बाळगू नये. एक कपभर दुधात सुमारे १० ते १२ ग्रॅम लॅक्टोज असते. दूध न सोसणाऱ्यांपैकी बहुतेकांना एवढे दूध, जेवणासोबत वा दोन वेळांत विभागून घेतल्यास, फारसा त्रास देत नाही. दही अधिक सोसते, कारण विरजणातील जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात. तुपात ते जवळजवळ नसतेच. उलट मावा म्हणजे आटवलेले दूध. चार-पाच किलो दुधाचा जेमतेम किलोभर मावा होतो. तेव्हा चहातले चमचाभर दूध सोडून पेढे व रबडी खाणाऱ्याने काय साधले, हे आम्हास कळत नाही.

संशय असल्यास दोन आठवडे दूध व माव्याचे पदार्थ बंद ठेवून पाहावे, मग पुन्हा थोडे घ्यावे. दोन्ही वेळा फरक दिसला तरच तो खरा. आतड्याच्या संसर्गानंतर किंवा सीलिॲकमध्ये दूध न पचणे हे पुष्कळदा तात्पुरते असते. मूळ आजार आवरला की काही महिन्यांनी दूध पुन्हा सोसू लागते. मधल्या काळात हाडांकडे दुर्लक्ष नको. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तीळही उपयोगी आहेत.

कांदेनवमी ते कार्तिकी

तपासणीत काहीच दोष सापडत नाही, वजनही घटत नाही, परंतु पोटात कळ येते, शौचास गेल्यावर बरे वाटते, सकाळी घाई होते व मन अस्वस्थ असले की त्रास वाढतो. या अवस्थेस आतड्याची अतिसंवेदनशीलता म्हणतात. तो मनाचा खेळ नाही. काही पदार्थांतील आंबणाऱ्या शर्करा अशा आतड्यास सोसत नाहीत, हे मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी पद्धतशीरपणे मांडले. त्या यादीत कांदा व लसूण अग्रभागी आहेत.

चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी पुष्कळ कुटुंबे आपल्या भक्तमंडळींत आहेत. ज्यांचा त्रास कांदेनवमीनंतर उतरतो आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा डोके वर काढतो, त्यांना निसर्गानेच एक प्रयोग करून दाखविला आहे असे समजावे व ते आपल्या डॉक्टरांस सांगावे. चातुर्मासाचा हेतू हा होता, असा दावा आम्ही करीत नाही. नैवेद्याच्या कांदा-लसणाविना स्वयंपाकाचा या मंडळींना लाभ होतो, एवढे मात्र खरे.

याच यादीत राजमा, छोले, चवळी, सफरचंद, नासपती, आंबा, कलिंगड व मध येतात. मुगाची डाळ भिजवून, ते पाणी टाकून शिजविल्यास बहुधा सोसते. फळांत पपई, संत्रे, फार न पिकलेले केळे घ्यावे. हा वर्ज्यकाळ चार ते सहा आठवड्यांचाच असावा. त्यानंतर एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, थोड्या प्रमाणात परत आणावा आणि वहीत नोंद करावी. जो बाधला तो सोडावा, बाकीचे परत पानात घ्यावेत. सर्वच कायमचे सोडून बसणे हे या पद्धतीचे पथ्य नव्हे, तो तिचा विपर्यास आहे.

काकडआरतीची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी रात्रीचे जेवण लवकर व कमी तेला-मिरचीचे ठेवावे. पहाटे रिकाम्या पोटी कडक चहा घेऊ नये. चहाने व पहिल्या घासाने आतडे जागे होते, म्हणून घरून तासभर आधी उठणे सोयीचे पडते.

रोजचे साधे अन्न

आयुर्वेदात या व्याधीचा विचार अतिसार व ग्रहणी अशा दोन नावांनी आला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात १५ वा अध्याय ग्रहणीचा व १९ वा अतिसाराचा आहे. ग्रहणीत ताकाची थोरवी सांगितली आहे. ताजे, लोणी काढलेले, पाणी घालून घुसळलेले ताक, त्यात भाजलेले जिरे, किंचित सुंठ व सैंधव, हे आजही अनेकांना मानवते. दही व पाणी यांमुळे त्यातील लॅक्टोज कमी झालेले असते, हे त्याचे आधुनिक स्पष्टीकरण. सीलिॲक मात्र ताकाने बरा होत नाही, तेथे गहूच सोडावा लागतो. अर्धवट पिकलेल्या बेलफळाचा मुरांबा परंपरेने अतिसारात देतात. पूर्ण पिकलेले बेलफळ उलट सारक मानले आहे. आपल्या आवारातील बेलाखाली पडलेली फळे औषध म्हणून नेणाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा.

त्रास वाढलेल्या दिवसांत तांदळाची पेज तूप-मीठ घालून घ्यावी. मऊ भात, मुगाचे पातळ वरण, दुधी, लाल भोपळा, गाजर व उकडलेला बटाटा हे पदार्थ थोडे थोडे, चार-पाच वेळा खावेत. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी राहण्यात लाभ नाही, उपासमारीने आतड्याचे अस्तर अधिकच दुबळे होते. पित्ताशय काढलेल्यांनी तळण कमी करावे. त्यांच्या अतिसारास निराळे औषधही आहे. इसबगोल आपण बद्धकोष्ठासाठी वापरतो, परंतु तो पाणी शोषून मळास घट्टपणा आणतो, म्हणून अतिसारातही उपयोगी पडतो. नीमच-मंदसौर भागात तो पिकतो, तेव्हा आपल्याला दुर्मीळ नाही. चमचाभर इसबगोल पुरेशा पाण्यातून घ्यावा. इतर औषधे व तो यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

जुलाब फार झाल्यास पाण्याची हानी भरून काढणे हे पहिले काम. औषधाच्या दुकानातील जीवनरक्षक क्षारांची पुडी उत्तम. ती न मिळाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. गोड शीतपेये वा फळांचे डबाबंद रस देऊ नयेत, त्यांतील जास्त साखरेने जुलाब वाढतात. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांस विचारावे. ओंकारेश्वराहून वा महेश्वराहून आणलेले नर्मदाजल पूजेत ठेवावे. प्राशन करावयाचे असल्यास ते उकळून घ्यावे, म्हणजे जिआर्डियासारखे परजीवी मरतात.

उपवास

बाल, वृद्ध व आतुर यांना शास्त्रानेच उपवासातून सूट दिली आहे. ज्यांचे वजन घटले आहे त्यांनी ती निःसंकोच घ्यावी. ज्यांना राहवत नाही, त्यांनी निदान उपवासाचे पदार्थ बदलावेत. तुपात परतलेली व दाण्याच्या कुटाने भरलेली खिचडी, वर आटीव दूध आणि फळांचा ढीग, हे पुष्कळ आजारी पोटांना रोजच्या जेवणापेक्षा जड जाते. त्याऐवजी वरीचा मऊ भात, साबुदाण्याची पेज, उकडलेला बटाटा व जिऱ्याचे ताक घ्यावे. निर्जळ उपवास मात्र अतिसार असणाऱ्याने करू नये.

तीर्थ व प्रसाद

या बाबतीत आमच्याकडे सर्वाधिक विचारणा होते. पंचामृत दूध-दह्याचे असते, मग घ्यावे की नाही? चमचाभर पंचामृतात असून असून पाव ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असते. दूध न पचणाऱ्यास तेवढ्याने काही होत नाही. त्यांनी तीर्थ आनंदाने घ्यावे. पेढा अर्धा घेतला तरी प्रसाद पूर्णच असतो.

सीलिॲकच्या रुग्णाचे तसे नाही. त्यास शिऱ्याचा कणही नको. प्रसादाने बाधा होत नाही, ही आपली श्रद्धा आम्हीही जाणतो. परंतु आजारी लेकराच्या हातावर आग्रहाने शिरा ठेवणे, आणि त्याची आई नको म्हणत असताना "देवाचा आहे, काही होत नाही" असे सुनावणे, यात देवाची सेवा नाही. आमच्या आवारात असे प्रसंग घडले आहेत. त्या आईने पुढे मुलास आणणेच सोडले, याचे आम्हास शल्य आहे. ज्यास खाणे शक्य नाही त्याने प्रसाद मस्तकी लावून घरच्या माणसाच्या हाती द्यावा. सेवेकऱ्यांनी कारण विचारू नये, आग्रह करू नये.

त्यानंतर विश्वस्त मंडळाने पुढीलप्रमाणे व्यवस्था केली आहे. गाभाऱ्याच्या डाव्या हातास खडीसाखर व सुक्या खोबऱ्याचे ताट निराळे ठेवलेले असते. त्या ताटात शिऱ्याचा चमचा बुडवू नये, ही सेवेकऱ्यांस सूचना आहे. अन्नछत्रात भात, कांदा-लसणाविना मुगाचे वरण व ताक रोज असते. वरणाची फोडणी तांदळाच्या पिठातील हिंगाची असते व ते पुऱ्यांच्या आधी शिजवून वेगळ्या पातेल्यात झाकून ठेवतात. ज्वारीची भाकरी हवी असल्यास आदल्या दिवशी सायंआरतीपूर्वी कोठीत सांगावे. पीठ वेगळे दळलेले असते, तवा व परातही वेगळी आहे. मात्र चूल एकच असल्याने महाप्रसादाच्या दिवशी, सर्वत्र पीठ उडत असते तेव्हा, ही भाकरी करता येत नाही. त्या दिवशी अशा रुग्णांनी घरून डबा आणावा व पंगतीत आपल्या माणसांशेजारी बसून तो खावा. पंगतीत डबा उघडण्यास कोणी हरकत घेणार नाही.